खुर्चीच्या आतला सांधा

अर्धगोल पाठ, मधोमध इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी दुभंगलेली पट्टी आणि कागदी दोरीनं विणलेली बैठक. ही खुर्ची बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. एखाद्या कॅफेत, कंपनीच्या स्वागतकक्षात, नाहीतर घरसजावटीच्या अ‍ॅपवर 'स्कँडिनेव्हियन' या सदराखाली. मूळ खुर्ची डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनी १९४९ साली रेखाटली. कार्ल हॅन्सन अँड सन ही कंपनी १९५० पासून ती सलग बनवत आली आहे. 'विशबोन चेअर' हे तिचं रूढ नाव.

डेन्मार्कची ओळख झालेल्या या खुर्चीचं आजोळ मात्र चीनमध्ये आहे. वेग्नर यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या चिनी खुर्च्यांचा अभ्यास केला. १९४४ साली फ्रित्झ हॅन्सन या कंपनीसाठी त्यांनी जी खुर्ची केली, तिचं नावच 'चायना चेअर' होतं. तिथून पुढे हात आखूड करत, जाडी कमी करत, पाठीच्या सलग पट्टीचा 'वाय' करत ते विशबोनपर्यंत पोचले. मूळ चिनी खुर्चीला 'छुआन-यी' म्हणतात, म्हणजे वर्तुळाची खुर्ची. पाठ आणि हात वेगळे नाहीत. डोक्यामागून निघालेली एकच गोल दांडी उतरत उतरत पुढे येते आणि तिचेच हात होतात. मिंग राजवटीच्या (१३६८-१६४४) उत्तरार्धात ही खुर्ची तिच्या सर्वांत देखण्या रूपाला पोचली.

गेल्या काही वर्षांत चीनमध्येही ही खुर्ची मोठ्या संख्येनं परतली आहे. 'नवचिनी शैली' नावाची सजावटीची लाट तिथल्या शहरी घरांत, हॉटेलांत, चहाघरांत पसरली आहे. जाळीदार पडदे, लाखकामाचे डबे, बांबूचे दिवे आणि वर्तुळाच्या खुर्च्या. अशा वेळी एक प्रश्न पडतो. जुनी हस्तकला नव्या घरात येते, तेव्हा नेमकं काय येतं? नुसता आकार, की तो आकार चारशे वर्षं उभा ठेवणारं ज्ञानसुद्धा?

बाहेरून आलेलं आसन

आधी मालकीचा मुद्दा बाजूला करू. खुर्ची ही मुळात चिनी वस्तू नाहीच. प्राचीन चीनमधले लोक आपल्यासारखेच जमिनीवर चटई अंथरून बसत. घडीचं स्टूल तिथे आलं ते पश्चिमेकडच्या आणि उत्तरेकडच्या भटक्या लोकांकडून. त्याला 'हू-छुआंग' म्हणत, म्हणजे परक्यांचं आसन. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हान सम्राट लिंग याला असल्या परक्या चिजांचा फार शौक होता, अशी इतिहासात नोंद आहे, आणि तिचा सूर कौतुकाचा नाही. त्यानंतर कित्येक शतकं लोक जमिनीवरही बसत आणि आसनावरही. सोंग काळात (९६०-१२७९) खुर्ची-टेबल सामान्य घरांत रुळलं.

घडीच्या स्टुलाला गोल पाठ जोडली गेली आणि शिकारीला, मोहिमेवर बरोबर नेता येणारी मानाची खुर्ची तयार झाली. चिनी भाषेत आजही 'पहिल्या घडीच्या खुर्चीवर बसणं' म्हणजे म्होरक्या होणं. सत्तेला खुर्ची म्हणायची खोड एकट्या मराठीची नाही म्हणायची. आणि आपला 'खुर्ची' हा शब्दही पाहुणाच आहे, अरबी 'कुर्सी'वरून आलेला.

तेव्हा वेग्नर यांनी चिन्यांचं चोरलं का, हा वाद फार पुढे जात नाही. वस्तू हिंडतात, हिंडताना बदलतात. मात्र प्रवासात काय सोबत आलं आणि काय मागे राहिलं, याचा हिशोब करता येतो.

आत काय आहे

लाकूड कापल्यावरही हलत राहतं. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि हे मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेनं घडतं. आपल्याकडे जुलैत न लागणारं दार दिवाळीत आपोआप लागू लागतं, ते यामुळेच. रुंद फळी चारही बाजूंनी खिळ्यांनी जखडली, तर तिला हलायला जागा उरत नाही आणि ती फाटते.

चिनी सुतारांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे 'सुन-माओ'. सुन म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली कूस आणि माओ म्हणजे ती जिथे बसते ती खाच. तत्त्व जगभरच्या सुतारांना ठाऊक आहे. आपल्या जुन्या वाड्यांचे खांब-तुळयाही त्यावरच उभे आहेत. मिंग काळातल्या सुतारांनी मात्र ते घड्याळजीच्या बारकाईला नेलं. छुआन-यीची बैठक घ्या. चार पट्ट्यांची चौकट, कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून आत कूस-खाच. बैठक फळीची असेल, तर ती चौकटीला कुठेही चिकटवलेली नसते, आतल्या खोबणीत नुसती तरंगत असते. पावसाळ्यात ती फुगते, हिवाळ्यात आकसते, चौकट मात्र जागची हलत नाही. मागचे पाय बैठकीपाशी संपत नाहीत. तेच लाकूड चौकटीतून आरपार वर जातं आणि पाठीचा खांब होतं.

गोल दांडीचं कोडं अधिक अवघड. एवढं मोठं वर्तुळ एकाच फळीतून कापलं, तर काही ठिकाणी तंतू आडवे पडतात आणि दांडी तिथेच तुटते. म्हणून ती तीन किंवा पाच तुकड्यांची करतात. जोडायच्या दोन टोकांची अर्धी-अर्धी जाडी उतरवून ती एकमेकांवर बसवायची. प्रत्येक टोकाला छोटी जीभ, ती समोरच्याच्या खाचेत जाते. मग जोडाच्या मध्यावर आरपार भोक पाडून त्यात निमुळती चौकोनी पाचर ठोकायची. पाचर बसली की तुकडे कुठल्याच दिशेला सरकू शकत नाहीत. बाहेरून दिसते ती फक्त एक बारीक रेघ आणि पाचरीचा इवलासा चौकोन.

खाली पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात. पुढची सर्वांत खाली, बाजूच्या तिच्याहून वर, मागची सगळ्यांत वर. याला 'पावलागणिक वर' अशा अर्थाचं नाव आहे आणि घरात भरभराट व्हावी हा शुभसंकेत त्यात आहे. पण बांधणीच्या दृष्टीनं पाहिलं, तर पट्ट्या एकाच उंचीवर आल्या असत्या, तर पायातल्या खाचा एकमेकींना भिडून पाय कमजोर झाला असता. शुभसंकेत आणि भार यांची गाठ सुतारानं एकाच ठिकाणी घातली.

या फर्निचरला खिळा नाही की सरस नाही, असं हल्लीच्या व्हिडिओंत हमखास सांगतात. ते पूर्ण खरं नाही. माशाचा सरस आणि बांबूच्या खुंट्या गरजेप्रमाणे वापरत असत. मात्र भार सांध्यावर असे, सरसावर नव्हे. म्हणूनच दीडशे वर्षांनी खुर्ची सैल झाली, तर सुतार ती उलट्या क्रमानं उघडू शके. मोडलेला एक भाग नवा करून बाकीचं परत जुळवता येई. दुरुस्ती ही रचनेतच धरलेली होती.

पैसा, रसिक आणि सुतार

सोळाव्या शतकात हे सगळं इतकं बहरायला एक कारण व्यापारातही होतं. १५६७ साली मिंग दरबारानं सागरी व्यापारावरचे निर्बंध सैल केले आणि दक्षिणेकडचं कठीण लाकूड अधिक प्रमाणात येऊ लागलं. हैनान बेटावरचं सोनेरी तपकिरी हुआंगहुआली आणि जवळजवळ काळं दिसणारं झितान ही त्यातली सर्वांत मानाची. कठीण लाकडात बारीक सांधे टिकतात, काठ धारदार राहतो, रंगाचा थर लागत नाही. यांगत्झीच्या मुखाकडच्या सुझोऊ, सोंगज्यांग या शहरांत तेव्हा कापसाचा आणि रेशमाचा पैसा खेळत होता. सोंगज्यांगचा फान ल्यान हा लेखक तक्रार करतो की त्याच्या तरुणपणी असलं सामान दिसतही नसे, आणि आता कचेरीतले शिपाईसुद्धा उंची लाकडाच्या मागे लागलेत.

रसिकांनी यावर भरपूर लिहिलं. वेन झनहंग या सुझोऊच्या विद्वानानं सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात घरातल्या 'अनावश्यक' वस्तूंवर ग्रंथच रचला. कुठलं मेज अभिजात, कुठली नक्षी गावंढळ, हे त्यात आहे. मेज कसं बनतं, हे नाही. सुतारांचं म्हणून एक पुस्तक होतं, 'लू पान चिंग'. त्यात घराच्या लाकडांची आणि सामानाची मापं आहेत, कामाला लागायचे मुहूर्त आहेत, आणि मजुरी देताना हात आखडणाऱ्या मालकाच्या घरात गुपचूप ठेवायचे करणीचे प्रकारही आहेत. सांध्यांविषयी मात्र फारसं काही नाही. ते हातातून हातात जात होतं. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी सांधा उघडला नाही, आणि जे रोज सांधा उघडत होते त्यांना लिहायचं कारण पडलं नाही.

उघडून पाहणारे

सांधा पहिल्यांदा कागदावर नीट उतरला तो १९४४ साली, जपानच्या ताब्यातल्या पेकिंगमध्ये. गुस्ताव एके हे जर्मन कला-इतिहासकार १९२३ पासून चीनमध्ये शिकवत होते. त्यांनी घरगुती फर्निचरचे नमुने जमवले, आणि यांग याओ या चिनी सहकाऱ्यानं त्यांची मोजमापांसहित रेखाटनं केली. १६१ चित्रफलकांच्या त्या पुस्तकाच्या अवघ्या २०० प्रती निघाल्या. खुर्चीचा उभा छेद, आडवा छेद, कुशीची लांबी हे सगळं त्यात होतं. बाहेरच्या जगात चिनी फर्निचर म्हणजे कोरीव ड्रॅगन आणि शिंपल्यांची जडवणूक, अशी समजूत असताना हे पुस्तक साध्या रेषांचं होतं.

आणि त्याच १९४४ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, जर्मनीच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये 'चायना चेअर' तयार होत होती.

इथे दोन माणसं शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. हान्स वेग्नर यांचा जन्म २ एप्रिल १९१४चा, ट्योनर या डॅनिश गावातला. वडील चांभारकाम करत. पोरगा चौदाव्या वर्षी सुताराच्या हाताखाली लागला. वांग शिश्यांग यांचा जन्म २५ मे १९१४चा, पेकिंगमधल्या अधिकाऱ्यांच्या घराण्यातला. पोरगा कबुतरं, झुंजीचे नाकतोडे आणि ससाणे यांत रमलेला. दोघांनी आयुष्यभर एकाच खुर्चीचा पिच्छा पुरवला. एकानं ती नव्यानं घडवली, दुसऱ्यानं ती समजून घेतली.

वेग्नर स्वतः सुतार असल्यानं त्यांची उसनवारी डोळस होती. विशबोनची गोल दांडी त्यांनी तुकड्यांची केली नाही, वाफेवर लाकूड मऊ करून एकसंध वाकवली. बैठकीला वापरलेली कागदी दोरी ही युद्धकाळात समुद्रगवताला पर्याय म्हणून डेन्मार्कमध्ये आलेली वस्तू. चिनी आकार त्यांनी डॅनिश रीतीनं सोडवला. पाचरीचा तो सांधा मागेच राहिला, आणि वेग्नर यांना त्याची गरजही नव्हती.

वांग यांची वाट बिकट होती. १९४३ साली ते सिचुआनमधल्या एका गावी, युद्धामुळे स्थलांतरित झालेल्या चिनी स्थापत्य संशोधन संस्थेत दाखल झाले. तिथे ल्यांग सछंग आणि सहकारी जुन्या इमारती मोजत होते. युद्धानंतर लुटलेल्या कलावस्तू परत मिळवण्याच्या कामात वांग होते, मग राजवाडा संग्रहालयात. १९५२च्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत त्यांना दहा महिने डांबलं. काहीही सिद्ध झालं नाही, नोकरी मात्र गेली. त्या काळात पेकिंगमध्ये जुनं हुआंगहुआली फर्निचर लाकडाच्या भावानं मोडून त्याच्या अबॅकसच्या चौकटी आणि वाद्यांचे भाग होत होते. वांग सायकलवरून गल्ल्या पालथ्या घालत, परवडेल ते विकत घेत, आणि म्हाताऱ्या सुतारांकडून प्रत्येक तुकड्याचं, प्रत्येक सांध्याचं बोलीतलं नाव उतरवून घेत. १९५७ साली त्यांनी जुनं फर्निचर वाचवा, असं जाहीर आवाहन छापलं. त्याच वर्षी त्यांच्यावर 'उजवा' असा शिक्का बसला.

सांस्कृतिक क्रांतीत संग्रह नेला गेला आणि वांग हूपेइ प्रांतात शेतकामाला धाडले गेले. संग्रह बराचसा परत मिळाला. १९८५ साली, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचं मिंग फर्निचरवरचं पहिलं मोठं पुस्तक निघालं, १९८९ साली दुसरं. या दुसऱ्या ग्रंथातली सांध्यांची शेकडो रेखाचित्रं त्यांच्या पत्नी युआन छुआनयौ यांनी काढली. प्रत्येक सांधा आधी जुळलेला, मग सुटा, कुठली कूस कुठल्या खाचेत जाते ते दाखवणारा. आज कुठलाही सुतार ही चित्रं समोर ठेवून काम करू शकतो.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एखादी जुनी प्रणाली वर्षानुवर्षं नीट चालते आणि ती आतून कशी आहे हे एकाच माणसाला ठाऊक असतं. तो सोडून गेला की पडदे तसेच दिसतात, बटणं तशीच दाबली जातात, पण काही बिघडलं तर आत हात घालायची कोणाची छाती होत नाही. तेव्हा कळतं की चालणारी वस्तू आणि समजलेली वस्तू यांत अंतर असतं. युआन बाईंच्या चित्रांचं मोल मला त्या बाजूनं अधिक कळतं.

लाकूड महागलं, सांधा स्वस्त झाला

पुस्तकांचा एक परिणाम उलटाही झाला. ज्याची किंमत कळली, ते विकलं जाऊ लागलं. हाँगकाँगमार्गे जुनं फर्निचर चीनबाहेर जाऊ लागलं. कॅलिफोर्नियात केवळ चिनी अभिजात फर्निचरचं एक संग्रहालय उभं राहिलं. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजनं त्याचा लिलाव केला, तेव्हा सर्व १०७ वस्तू विकल्या जाऊन १ कोटी १० लाख डॉलरांहून अधिक रक्कम आली. २०१५ साली तिथेच सतराव्या शतकातल्या चार हुआंगहुआली छुआन-यींचा संच साधारण ९७ लाख डॉलरांना गेला. वांग यांनी मात्र आपल्या ७९ वस्तू १९९०च्या दशकात बाजारभावाच्या मानानं किरकोळ रकमेला दिल्या, त्या सगळ्या शांघाय संग्रहालयालाच मिळाव्यात या अटीवर. त्या आजही तिथे पाहता येतात.

चीनमध्ये पैसा आला, तशी नव्या 'होंगमू', म्हणजे लाल लाकडाच्या, फर्निचरची मागणी फुगली. २००० साली कुठल्या जाती होंगमू मानायच्या याचं राष्ट्रीय मानक ठरलं. त्यात ३३ जाती होत्या. २०१७च्या सुधारित यादीत २९ उरल्या. यादीत दोन नावं आपल्या ओळखीची आहेत. झितान म्हणून जे लाकूड धरलं जातं, ते आंध्रच्या डोंगरांतलं रक्तचंदन. 'पुष्पा' चित्रपटातली तस्करी ज्याची, तेच. आणि काळ्या गटातली एक जात म्हणजे आपलं शिसवी, ज्याचे झोपाळे आणि कपाटं जुन्या मराठी घरांत अजून आहेत. रक्तचंदन १९९५ पासून आणि शिसवीचं अख्खं कुळ जानेवारी २०१७ पासून साइटिस कराराखाली व्यापार-नियंत्रणात आहे. थायलंड, लाओस, कंबोडियातलं सियामी शिसम तर मागणीपायी जंगलांतून जवळजवळ संपलं.

म्हणजे कलेच्या पुनरुज्जीवनाचं ओझं जंगलांवर पडलं. त्यात लाकूड ही गुंतवणूक झाल्यावर खुर्ची जितकी जड तितकी मौल्यवान, असा हिशोब सुरू झाला. कमीत कमी लाकडात जास्तीत जास्त भार पेलण्याची मिंग सुताराची कसब तिथे निरुपयोगी ठरते. दुसऱ्या टोकाला स्वस्त बाजार आहे. दाबलेल्या भुशाची फळी, वर लाकडी कागद, यंत्रानं कापलेली जाळी. हवामान बदललं की ती फुगते, आणि एकदा फुगली की टाकायचीच.

या दोन टोकांच्या मध्ये काही जण विचारपूर्वक काम करताना दिसतात. हांगझोऊमधल्या 'पिनवू' या स्टुडिओनं शेजारच्या यूहांग भागातल्या कागदी छत्र्यांची कारागिरी शिकून, कागदाचे थरांवर थर चिकटवून खुर्ची केली. कागद भार घेतो, हे छत्रीवाल्यांना ठाऊक होतंच. एर्मेसच्या पाठबळावर शांघायमध्ये सुरू झालेल्या 'शांग शिया'नं चिनीमातीच्या पेल्यांवर केसाएवढ्या बांबूच्या काड्या विणण्याची सिचुआनची कला नव्या चहाच्या संचात आणली. त्याच कंपनीनं मिंग खुर्चीचा आकार कार्बन फायबरमध्येही केला. हलकी, देखणी, आणि आत एकही सांधा नाही. आकार एकटा किती दूर जाऊ शकतो याचं ते टोकाचं उदाहरण आहे.

मला यात आशेची जागा दिसते ती साध्या लाकडात. सुझोऊच्या आसपासच्या खेड्यांत मिंग-छिंग काळात झेल्कोवा या स्थानिक झाडाच्या लाकडाच्या खुर्च्या होत होत्या. तोच आकार, तेच सांधे, फक्त लाकूड परसातलं. सुझोऊची मिंग-शैलीची सुतारकी २००६ साली चीनच्या अमूर्त वारशाच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत आली. यादीत नाव आलं ते बनवण्याच्या कौशल्याचं, कुठल्या एका लाकडाचं नाही. ती कला दुर्मीळ जंगलाशिवाय जगू शकते, हे त्या खेड्यांतल्या खुर्च्यांनी आधीच दाखवून ठेवलंय.

म्हणून 'पारंपरिक चिनी' म्हणून काही विकत घेताना, किंवा 'स्कँडिनेव्हियन' म्हणूनही, लाकडाचं नाव आणि नक्षी शेवटी विचारावी. आधी खुर्ची उलटी करून तिचे जोड बघावेत. आणि दुकानदाराला एवढंच विचारावं, की दहा वर्षांनी ही सैल झाली, तर उघडून पुन्हा बसवता येईल का.